अर्ध्या मिनिटाचे श्रोते

सकाळी धाकटी दात घासत असताना कंपनीची मेल आली, आणि तोंडातला फेस तसाच ठेवून ती बाथरूमच्या दारात खांबासारखी उभी राहिली. आई चहा गाळत होती. बाबा वर्तमानपत्रातल्या जाहिराती संशयाने वाचत होते.

"काय झालं?" आईने विचारलं.

"फू फ्फू फू," धाकटी म्हणाली.

"आधी थुंकून ये बरं."

थुंकून आल्यावर तिने जे सांगितलं ते असं : तिचा पहिलावहिला अल्बम 'चालू-बंद' जी कंपनी निरनिराळ्या अ‍ॅपवर पोचवत होती, त्या कंपनीला त्यात काहीतरी काळंबेरं दिसलं होतं. अल्बममधलं पहिलं गाणं, 'जिना', अचानक भलतंच ऐकलं जाऊ लागलं होतं. ऐकणारा फोन दर वेळी नवा. गाव मात्र एकच, आणि तेही तिचंच. शिवाय जो तो गाणं जेमतेम अर्धं मिनिट ऐकून बंद करत होता. अर्धं मिनिट झालं की ऐकणं मोजलं जातं. म्हणजे कोणीतरी नुसता आकडा फुगवायला फोनांची फौज घेऊन बसलंय, असा कंपनीचा सरळ आरोप होता. आठवड्याभरात समाधानकारक खुलासा आला नाही, तर अल्बम सगळीकडून उतरवू आणि तुमच्या नावावर पुन्हा काही चढवू देणार नाही, असं तक्रार विभागातल्या बाईंनी अत्यंत नम्र शब्दांत कळवलं होतं.

"म्हणजे तू लबाडी केलीस," बाबा पेपर खाली ठेवत म्हणाले.

"मी काही केलेलं नाही हो, बाबा!"

"पहिल्यांदा सगळे असंच म्हणतात."

बाबा वजनमापे खात्यात निरीक्षक होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण नजर काही निवृत्त झाली नव्हती. अजूनही भाजीवाल्याने काटा हातात घेतला की बाबा खाली वाकून तागडीचा तळ बघत. डॉक्टरांनी वजन करायला सांगितलं, तर आधी डॉक्टरांचा काटा शून्यावर आहे का ते तपासत. लग्न ठरताना त्यांनी आपली उंची दोनदा मोजून घेतली होती, असं आई सांगायची आणि बाबा ते कधी नाकारायचे नाहीत. धाकटीने नाक आईचं घेतलं होतं, संशय मात्र अख्खाच्या अख्खा बाबांचा. शेजारीण वाटी परत करताना हसून बोलली, तरी धाकटी वाटी उलटी करून चीर गेलीय का ते बघायची.

अशा मुलीने इलेक्ट्रोपॉपचा अल्बम करावा, हे घराला जरा जडच गेलं होतं. दिवसा ती मुलांना कीबोर्ड शिकवायची आणि उरलेला वेळ मागच्या खोलीत दार लावून बसायची. खिडकीला जुनी गादी, टेबलावर वायरींचं जंगल, त्यात मधे एक खुर्ची आणि खुर्चीत ती. सुरुवातीला बाबा दार वाजवून सांगत, "आत काहीतरी बिघडलंय गं." ती म्हणायची, "गाणं आहे, बाबा." मग बाबा म्हणत, "तेच म्हणतोय." पुढे त्यांनी दार वाजवणं सोडलं, एवढंच. समजलं वगैरे काही नाही.

'जिन्या'च्या सुरुवातीवर तर तिने एक अख्खा उन्हाळा घालवला होता. आधी डाव्या कानात खोल, पोटातून आल्यासारखी घरघर. मग ती एकेक पायरी चढत वर येते, चढता चढता उजव्या कानात जाते, तिथे बारीक शिट्टीएवढी होते आणि थांबते. मग एक श्वास. मग धाकटीचा आवाज. सगळा अल्बम त्या श्वासानंतर सुरू होतो, असं ती मनातल्या मनात म्हणायची. मोठ्याने म्हणायला समोर कोणी नव्हतं. तिला प्रसिद्धीची हाव नव्हती. घरचा नाही, मैत्रिणींतला नाही, असा एक, फक्त एक अनोळखी माणूस असावा आणि त्याला पुढचं ऐकावंसं वाटावं, एवढंच तिचं मागणं होतं. आणि आता तेही उतरवणार म्हणत होते.

"कोणावर संशय आहे?" बाबांनी विचारलं. त्यांच्या चेहऱ्यावर बऱ्याच वर्षांनी कामाची लकाकी आली होती.

"ड्रमवाल्यावर," धाकटी क्षणभरही न थांबता म्हणाली.

ड्रमवाला पूर्वी तिच्याबरोबर वाजवायचा. मग यंत्रातले ड्रम खरे की हातातले, यावरून दोघांचं वाजलं आणि तो निघून गेला. अल्बम आला त्या दिवशी मात्र त्याने तिच्या घोषणेखाली अंगठा दिला होता.

"नुसता अंगठा?" बाबांनी चष्मा पुसला. "खाली काही लिहिलं नाही?"

"काही नाही."

"मग काहीतरी आहे. लाव फोन. आणि स्पीकरवर ठेव."

ड्रमवाल्याने फोन उचलला. धाकटीने त्याला सरळ धारेवर धरलं. "माझा अल्बम पाडायला तूच माणसं लावलीस ना?"

"कसली माणसं? मला माझ्या लग्नाच्या वरातीला माणसं मिळेनात."

"खरं बोल. 'जिना' अर्धं मिनिट ऐकून कोण बंद करतंय?"

"अगं, मी तर अर्धं मिनिटही ऐकलेलं नाही," ड्रमवाला म्हणाला, आणि लगेच त्याला कळलं की आपण काय बोलून बसलो.



"ऐकलंच नाहीस?" धाकटीचा आवाज बारीक झाला. "मग अंगठा कशाला दिलास?"

"चित्र छान होतं गं वरचं. ऐकणार होतो, शप्पथ. वेळच नाही मिळाला. एक विचारू का? रागावू नकोस. तूच तर नाही ना केलंस हे?"

तिने फोन बंद केला. "हा निर्दोष आहे," बाबा म्हणाले. "इतका अपमान कोणी बनावट करत नाही."

ड्रमवाला सुटला, पण धाकटीचं डोकं काही शांत होईना. त्या दिवशी तिने शिकवणीला येणाऱ्या मुलांच्या आयांकडेसुद्धा वाकड्या नजरेने पाहिलं. दुपारी पाणी प्यायला म्हणून ती स्वयंपाकघरात आली, तर आईचा फोन डब्यांच्या मागे, भिंतीकडे तोंड करून उभा. तिने तो हळूच फिरवला. पडद्यावर 'चालू-बंद' चालू होता. आवाज मात्र साफ बंद.

"आई!"

आई कणकेचे हात घेऊन वळली आणि चोर सापडल्यासारखी लाजली. "ऐकते की मी. रोज ऐकते."

"आवाज बंद करून?"

"डोकं दुखतं गं. ते घर्रघर्र सुरू झालं की इथे, कपाळात. पण वाजतंय ना? तूच म्हणालीस, जितकं वाजेल तितकं चांगलं. मी सकाळी लावते ते झोपेपर्यंत."

बाबा धावत आले. त्यांनी फोन पालथा-उताणा करून पाहिला. "एकच फोन. आणि गाणं पूर्ण वाजतंय. ही आपली आरोपी नव्हे," त्यांनी निकाल दिला. आईला वाईट वाटलं ते वाटलंच. धाकटीला त्याहून जास्त वाटलं. जगात एक माणूस तिचा अख्खा अल्बम रोज लावत होता, आणि त्यात ऐकणं तेवढं नव्हतं.

मग बाबांनी कंपनीने पाठवलेला आलेख मागवला, भिंग काढलं आणि जेवणाच्या टेबलावर ठाण मांडलं. आलेखात अर्ध्या मिनिटात बंद झालेलं गाणं रोज कधी किती वाजलं, तेवढ्याच्याच रेघा होत्या. बाबा बराच वेळ हूं हूं करत राहिले.

"हा माणूस सकाळी उशिरा कामाला लागतो," ते अखेर म्हणाले. "दुपारी बघ, रेघच नाही. म्हणजे जेवून झोपतो. संध्याकाळी जोरात असतो. आणि सोमवारी पूर्ण सुट्टी."

"घरातली बाई नसणार मग," आई आतून म्हणाली. "आम्हाला कुठल्याच वारी सुट्टी नसते."

"बाईही नाही आणि नोकरदारही नाही. दुकानदार आहे." बाबांनी भिंग खाली ठेवलं. "आता सांगा, कुठल्या दुकानात रोज नवे नवे फोन येतात, अन् तेही लोक आपणहून आणून देतात?"

स्वयंपाकघरात भांडं पडलं. आईच्या हातून सहसा भांडं पडत नसे.

"फोन दुरुस्तीचं," धाकटी हळूच म्हणाली. "मामा!"

"सूड," बाबा म्हणाले. "मला वाटलंच होतं, एक ना एक दिवस हा उगवणार."

ही गोष्ट जुनी होती. धाकटी शाळेत होती तेव्हा मामांचं किराणा दुकान होतं, आणि बाबांची तपासणी त्या पेठेत होती. बाबांनी सख्ख्या मेहुण्याचा काटा तपासला, तर तो चुकत होता. चुकत होता तो गिऱ्हाइकाच्या बाजूने. मामा वर्षानुवर्षं किलोला थोडं जास्तच घालत होते आणि त्यांना पत्ताच नव्हता. दुसरा कोणी असता तर हसून काटा नीट करून घ्यायला सांगितलं असतं. बाबांनी जप्त केला. चूक ती चूक, मग ती कुठल्याही बाजूची असो, असं ते म्हणाले, आणि ते भर गर्दीत म्हणाले. मामांनी महिन्याभरात दुकान मोडलं, मोबाईल दुरुस्ती शिकून घेतली आणि मेहुण्याशी बोलणं टाकलं. तेव्हापासून दोघांचे निरोप आईमार्फत जात. निरोप म्हणजे काय, तर "असू दे" आणि "बरं".

"माझा भाऊ असं करणार नाही," आई दारात येऊन म्हणाली. "त्याच्या तोंडावर असं काही बोललात ना, तर मी तिकडेच राहायला जाईन."

"म्हणूनच तोंडावर बोलायचं नाही," बाबा म्हणाले. "पद्धतशीर जायचं. अधिकारी आधी कधी स्वतः जात नाही, नकली गिऱ्हाईक पाठवतो. एक बिघडलेला फोन पाहिजे."

बिघडलेला फोन घरात नव्हता. बाबांनी आईचा उचलला आणि पाण्याच्या पातेल्यात सोडला.

"अहो! माझा फोन!"

"आवाज तर तू बंदच ठेवतेस," बाबा घड्याळात बघत म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटी तोंडाला स्कार्फ, डोळ्यांना गॉगल आणि डोक्यावर हेल्मेट अशा थाटात मामांच्या दुकानात शिरली. बाबा रस्त्यापलीकडे उभ्या असलेल्या टेम्पोमागे दबा धरून होते. दुकान म्हणजे दोन माणसांच्या रुंदीची फट. समोर काचेचा काउंटर, त्यावर गोल भिंगाचा दिवा, एका डबीत डासाच्या पायाएवढे स्क्रू. दोन गिऱ्हाइकं बाकावर बसून होती. मामांचे केस पिकले होते. धाकटीला उगीचच गलबलून आलं, पण हेल्मेटच्या आत ते कोणाला दिसलं नाही.

"पाण्यात पडला," ती आवाज जाड करून म्हणाली.

मामांनी फोन कानाशी हलवला. "पडला नाही हा, ताई. बुडवलेला आहे. पडलेल्या फोनच्या इतक्या आतपर्यंत पाणी जात नाही." मग त्यांनी आणखी काही विचारलं नाही. फोन उघडला, ब्रशने पुसला, गरम हवा मारली, स्पीकर बदलला. एकेक गोष्ट ते अशी हळुवारपणे करत होते की सूड घेणाऱ्या माणसाचे हात असे असतील, हे धाकटीला पटेना. पण संशय एकदा आत शिरला की सहजासहजी बाहेर पडत नाही. ती बघत राहिली.

फोन सुरू झाला. मामांनी सवयीने अ‍ॅप उघडलं, न बघता चार अक्षरं दाबली, आणि दुकानात खोल घरघर भरून राहिली.

"हे कशाला?" धाकटीने विचारलं.

"तपासायला. हे बघा, आधी डावीकडचा स्पीकर, खालचा आवाज. फाटका असला की इथेच फडफडतो." मामा भिंगाखाली शेवटचे स्क्रू बसवत बोलत होते. "आता चढतोय बघा. हळूहळू सगळे आवाज येतात, एकही सुटत नाही. आता उजवीकडे गेला. आणि ही शिट्टी. पास! अर्ध्या मिनिटात सगळी तपासणी. पूर्वी मला तीन-चार गाणी लावावी लागायची."

बाकावरचं एक गिऱ्हाईक शिट्टीबरोबर सहज शीळ घालत होतं. फोनमधून एक श्वास ऐकू आला, आणि त्याच क्षणी मामांनी अंगठा ठेवून गाणं बंद केलं.

धाकटी काउंटरवर वाकली. "कोणाचं आहे हे गाणं?"

"माझ्या भाचीचं," मामा म्हणाले आणि पहिल्यांदाच मान वर करून हसले. "बहिणीची मुलगी. मोठी कलावंत आहे. येईल त्या प्रत्येकाला सांगतो मी. त्या घराशी बोलणं नाही माझं, पण ते वेगळं."

"पुढचं ऐकलंय तुम्ही?"

"पुढे आहे का अजून काही?" मामांनी कुतूहलाने विचारलं. "स्पीकर तर तोवर पास झालेला असतो."

धाकटीने हेल्मेट काढलं, गॉगल काढला, स्कार्फ काढला. एवढं सगळं काढेपर्यंत बराच वेळ गेला, आणि मामांच्या हातातला स्क्रूड्रायव्हर तेवढा वेळ हवेतच राहिला.

"अगं, तू! एवढी मोठी झालीस?"

"मामा, तू माझा अल्बम पाडलास," ती म्हणाली आणि रडायलाच लागली.

तेवढ्यात बाबा आत घुसले. टेम्पो निघून गेल्यामुळे त्यांना तसंही उघड्यावर उभं राहणं शक्य नव्हतं. "हात काउंटरवर! कशालाही हात लावायचा नाही!"

बाकावरची दोन्ही गिऱ्हाइकं हात वर करून उभी राहिली. मामांनी मेहुण्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी आईला मधे न घालता तोंड उघडलं. "या, भावोजी. काय जप्त करायचं ते करा."

मग धाकटीने हुंदके देत देत सगळं सांगितलं : अर्ध्या मिनिटाला मोजलं जातं ते, फोनांची फौज, आठवड्याची मुदत. ऐकता ऐकता मामा स्टुलावर बसत गेले. "मी दिवसभर तुझं भलं होतंय असं समजत होतो गं," ते म्हणाले. "वाटायचं, फोन गेला की गाणंपण त्याच्याबरोबर त्याच्या घरी जाईल. किती लावलं असेल मी! एखाद्या फोनला तर उगीच दोनदा लावलं."

काउंटरवरच्या काचेवरून बाबांनी एक बोट फिरवलं.

"म्हणजे याही वेळी तू जास्तच दिलंस," ते म्हणाले.

"हो, पण चूक ती चूक," मामा म्हणाले. "तुम्हीच म्हणाला होतात."

"म्हणालो होतो." बाबांनी घसा साफ केला. "भर गर्दीत म्हणायला नको होतं."

बाकावरच्या एकाने विचारलं, "आता हात खाली घेऊ का?"

गुन्हेगार सापडला, पण त्याने कंपनीचं समाधान झालं असतं तर कंपनी कसली. धाकटीने खुलासा लिहून पाठवला, तर तक्रार विभागातल्या बाईंचं उलट टपाली उत्तर आलं. 'आमच्याकडे येणाऱ्या खुलाशांत नातेवाईक फार असतात. कुणाच्या काकांचं उपाहारगृह असतं, कुणाच्या मावशीची व्यायामशाळा. मामांचं दुकान प्रथमच आलं आहे, याची नोंद घेतली. कृपया पुरावा पाठवावा.'

"शाब्बास," बाबा म्हणाले. बाई त्यांना एकदम आवडल्या.

पुराव्याचं चित्रीकरण बाबांनी स्वतः हाती घेतलं. मामा इस्त्रीचा शर्ट घालून बसले. बाबा शेजारी उभे राहून बोलत होते, "मी, निवृत्त निरीक्षक, असं प्रमाणित करतो की, सदर फोन माझ्यासमक्ष उघडण्यात आला असून..." धाकटीने तीनदा सांगूनही त्यांनी 'सदर' सोडलं नाही. गाणं वाजलं, श्वास आला, मामांनी अंगठा ठेवला आणि मग थेट कॅमेऱ्यात बघून ते मनापासून म्हणाले, "बाई, तुमचा फोन कधी बिघडला तर या. तुम्हालापण हेच लावून दाखवतो. तिची काही चूक नाही हो, पोरगी सरळ आहे."

दोन दिवसांनी बाईंनी कळवलं की इतकं विचित्र कोणी रचून सांगणार नाही, असं विभागाचं एकमत झालं आहे. अल्बम राहील. मात्र दुकानातलं सगळं ऐकणं आकड्यातून वगळण्यात येईल, आणि हे गाणं दुकानात पुन्हा अ‍ॅपवर वाजता कामा नये. त्या संध्याकाळी वगळून उरलेला आकडा आला. धाकटीने तो पाहिला आणि फोन पालथा ठेवला. जे उरलं होतं, त्यात बहुतेक सगळी आईची शांतता होती.

मामांनी चार दिवस दुसरी गाणी लावून पाहिली. एकात शिट्टी नव्हती, एकात घरघर नव्हती, एकात सगळं होतं, पण ते ऐकून गिऱ्हाइकंच पळायला लागली. शेवटी धाकटीनेच 'जिन्या'ची तेवढी सुरुवात कापून त्यांना दिली. ती थेट फोनमध्ये भरून वाजवायची, म्हणजे कुठे मोजली जाणार नाही, आणि फोनबरोबर गिऱ्हाइकाच्या घरीही जाईल. कापताना तिने श्वासाच्या आधीच कात्री लावली. म्हटलं, निदान श्वास तरी आपल्याकडे राहू दे.

आता राहिला होता कार्यक्रम. अल्बमच्या निमित्ताने तिने फार आधी एक छोटा हॉल ठरवून ठेवला होता. ती तो रद्दच करणार होती, पण जागा भरायला लागल्या. ज्या मुलीचा अख्खा अल्बम कोणी ऐकला नाही, तिच्या कार्यक्रमाला माणसं कशी काय येतील? तिने तडक दुकान गाठलं.

"मामा, खरं सांग. दुरुस्तीवर तिकीट फुकट देतोयस?"

"नाही गं."

"घे माझी शपथ."

"तुझी शपथ. एकालाही या म्हणालो नाही. भीती वाटते मला आता, काही केलं की गुन्हाच होतो."

बाबांचाही विश्वास बसला नव्हता. कार्यक्रमाच्या संध्याकाळी ते हॉलच्या दारातच उभे राहिले आणि येईल त्याला विचारू लागले, "तुम्हाला कोणी पाठवलं? फोन अलीकडे कुठे दुरुस्त केला होता का?" एक जण म्हणाला, "हो, त्याचं काय?" एक बाई म्हणाल्या, "भलत्याच चौकशा करता हो तुम्ही. ते फोनचं गाणं आहे ना आज? घरात सगळ्यांच्या तोंडी बसलंय, म्हणून आलोय." शेवटी आईने त्यांना दंडाला धरून आत आणलं आणि पहिल्या रांगेत बसवलं. मामा मागे दाराशी, पटकन पळून जाता येईल अशा बेताने उभे होते.

दिवे मंदावले. धाकटी टेबलामागे उभी राहिली. घामाने बोटं निसरडी झाली होती. हॉल भरलेला होता, आणि भरलेल्या हॉलकडे ती भरलेल्या तागडीकडे बाबांनी बघावं तशी बघत होती, की खाली काय चिकटवलंय. तिने 'जिना' सुरू केलं.

डावीकडून घरघर आली आणि हॉल हलला. म्हणजे खरंच हलला. माणसं एकदम गुणगुणू लागली, आधी पोटातून, मग एकेक पायरी वर. डावीकडची रांग उजवीकडे बघून हसत होती. ज्या सुरुवातीवर तिने एकटीने उन्हाळा काढला होता, ती सगळ्यांना तोंडपाठ होती, एकही पायरी न चुकता. शिट्टीला तर अख्ख्या हॉलने शीळ घातली. आणि शिट्टी संपली, तशी सगळी माणसं एकाच वेळी गप्प झाली. जागोजागी हात उठले आणि खिशात, पर्समध्ये गेले. काहींनी फोन बाहेर काढला, दुरुस्तीहून नुकताच हातात आल्यासारखा उलटसुलट करून पाहिला, मग ओशाळून परत ठेवला.

धाकटीचा श्वास घ्यायचा राहूनच गेला. तिचं बोट बटणावरून निसटलं आणि संगीत थांबलं. झालं, तिला वाटलं, पास झाला यांचा स्पीकर. आता उठतील.

कोणी उठलं नाही.

"पुढे काय आहे हो?" मधल्या रांगेतून कोणीतरी विचारलं. "आम्हाला इथपर्यंतच माहितीय."

धाकटीने झटकन दाराकडे पाहिलं. मामांचं तोंड मिटलेलं होतं, आणि त्यांनी दोन्ही हात वर करून मी नाही, मी नाही अशी खूण केली. तिने पहिल्या रांगेकडे पाहिलं. बाबा खुर्चीतून अर्धवट उठून, मान वळवून मधल्या रांगेत शोधत होते की कोण बोललं. त्यांनी चष्मा सारखा केला, नीट निरखून पाहिलं, मग तिच्याकडे वळले आणि खांदे उडवले. आपल्यापैकी कोणी नाही.

तिने श्वास घेतला आणि गायला लागली.